एम.ए. मानसशास्त्र झालंय, पाटीवर काय लिहू?

प्रश्न : मी औसा तालुक्यातली. एम.ए. मानसशास्त्र केलंय, दुसऱ्या वर्षाला क्लिनिकल हा विशेष विषय होता. लातूरच्या ट्यूशन एरियात एक खोली भाड्याने घेऊन समुपदेशन सुरू करायचं आहे. एका क्लासने आठवड्यातून तीन दिवस बोलावलंही आहे. पण जो तो वेगळं सांगतो. एक म्हणतो, लायसन्सशिवाय बसलीस तर केस होईल. दुसरा म्हणतो, समुपदेशनाला कसलं आलंय लायसन्स, लाव बिनधास्त क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी. एक एजंट पंधरा हजारांत ‘भारत सरकार रजिस्टर्ड’ समुपदेशकाचं प्रमाणपत्र देतो म्हणतोय. पालक बुद्ध्यांकाचं सर्टिफिकेट मागतात, ते देऊ का? आणि एखादं लेकरू ‘मला जगायचं नाही’ म्हणालं, तर माझी जबाबदारी कुठपर्यंत?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, समुपदेशनाला बसायचं तर बसा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे शब्द मात्र पाटीवर, लेटरहेडवर, व्हॉट्सॲपच्या प्रोफाइलवर, कुठेच नकोत. ते नाव कायद्याने राखून ठेवलंय. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आपण जिला आरसीआय म्हणतो ती, 1992च्या कायद्यानुसार काम करते आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा तिच्या अखत्यारीतला व्यवसाय आहे. या कायद्याचं कलम 13 नीट वाचून ठेवा. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसेल तर सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेत त्या पदावर बसता येत नाही, देशात कुठेही तो व्यवसाय करता येत नाही, कायद्याने अशा व्यावसायिकाची सही लागते त्या दाखल्यावर सही करता येत नाही आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये ऐकून लोक हसतात आणि पाटी लावून मोकळे होतात. कैदेचा अर्धा भाग वाचायचा राहून जातो.

‘पण माझ्या गुणपत्रिकेवर क्लिनिकल छापलंय’ हे तुमच्या मनात येणार, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या दिलेली आहे. एक तर आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य पात्रता हवी. नाहीतर मानसशास्त्रातल्या एम.ए.नंतर दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल. हवं, त्यात देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण हवं आणि त्याला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) व आरसीआय दोघांची मान्यता हवी. विद्यापीठाच्या एम.ए.ला चार पेपर क्लिनिकलचे असणं यात कुठेच बसत नाही. कमी पडतात ती रुग्णालयातली दोन वर्षं: रोज रुग्णाचा इतिहास घ्यायचा, मानसिक स्थितीची तपासणी लिहायची आणि वरिष्ठाने ती खोडून परत लिहायला लावायची. पुस्तकातून हे येत नाही, म्हणून कायद्याने ते वेगळं मोजलंय. आमच्या मते कायद्याचा हा भाग अगदी योग्य आहे.

मग बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना कुणी वालीच नाही का? 2021पर्यंत जवळपास तसंच होतं. त्या वर्षी राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्याशी संबंधित व्यावसायिकांचा एक गट आहे. आरसीआयकडचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून बाकी मानसशास्त्रज्ञ त्यात येतात, वैद्यकीय व मनोरुग्ण सामाजिक कार्यकर्ते येतात, आणि ग्रामीण रुग्णालयातले एचआयव्ही व कुटुंब नियोजनाचे समुपदेशकही येतात. म्हणजे तुमचं घर हे. या कायद्यात नोंदणी राज्य परिषदेकडे करायची असते, आणि नोंदणी नसताना नोंदणीकृत असल्याचं सांगितलं तर पहिल्याच वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा आयोगाचं आणि राज्य परिषदेचं संकेतस्थळ महिन्यातून एकदा स्वतः उघडून बघत जा. तुमच्या गटाचा अर्ज दिसला की त्याच आठवड्यात भरा. ग्रुपवर फिरणाऱ्या निरोपांवर विसंबू नका.

त्या दिवसाची तयारी मात्र आजपासून करायची. हा कायदा पदवीचं नाव बघतो तसे तासही मोजतो: आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला त्याने तीन ते सहा वर्षांत किमान 3,600 तास धरलेत. तुमची गुणपत्रिका तास सांगत नाही. म्हणून कॉलेजात जाऊन तीन कागद घ्या: तुमच्या बॅचचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा विभागाच्या शिक्क्यासह, बी.ए. आणि एम.ए. दोन्हींचं ट्रान्स्क्रिप्ट, आणि प्रात्यक्षिक, केस स्टडी व इंटर्नशिप किती तासांची झाली याचं विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. आत्ता जमेल. विभागप्रमुख निवृत्त झाले, अभ्यासक्रम दोनदा बदलला, की तुमच्या प्रॅक्टिकलचे तास कुणालाही सांगता येत नाहीत. क्लासचं नेमणूक पत्र, मानधन बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, हेही त्याच फाईलला लावा. आणि ‘जोडीला दूरस्थ पद्धतीने आणखी एक डिप्लोमा करते’ हा विचार असेल तर सोडा. या कायद्याखाली येणारे विषय, त्यात मानसशास्त्रही, जुलै-ऑगस्ट 2025च्या सत्रापासून ऑनलाईन किंवा दूरस्थ पद्धतीने शिकवायला यूजीसीने मनाई केली आहे.

एजंटाला सरळ नाही म्हणा. ‘भारत सरकार रजिस्टर्ड’ ही अक्षरं बहुतेक वेळा खोटी नसतात, खरी गंमत तीच आहे. संस्था 1860च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असते, किंवा तिने उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची, नोंदणी केलेली असते, जी कुणालाही फुकट मिळते. भजनी मंडळही अशीच नोंदणी करतं. संस्था नोंदलेली असली म्हणून तिला तुम्हाला व्यवसायाचा परवाना देण्याचा अधिकार येत नाही. कुणी नंबर दाखवलाच तर एकच प्रश्न विचारा: कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली?

खोलीचं काम सोपं आहे. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात परवाना लागत नाही, ऑनलाईन सूचना दिली की पावती मिळते. सेतूवाला त्याला ‘शॉप ॲक्ट लायसन्स’ म्हणेल आणि चौकट करून भिंतीवर लावायला सांगेल. लावा, पण तो तुमच्या विद्येचा परवाना नव्हे हे पालकांना विचारल्यावर सांगा. पाटीवर देवनागरी मराठी आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नको. 2022च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या आस्थापनांनाही लागू आहे. लाल क्रॉस काढू नका, ते चिन्ह 1960च्या जिनिव्हा करार कायद्याने संरक्षित आहे. नावाआधी ‘डॉ.’ नको. पाटी अशी: तुमचं नाव, खाली ‘एम.ए. (मानसशास्त्र)’, त्याखाली ‘मानसशास्त्रीय समुपदेशन’, वेळ आणि फोन. ‘डिप्रेशन, ओसीडी, फिट्स यांवर खात्रीशीर इलाज’ असलं काही पेंटरने स्वतःहून टाकलं तरी पुसून घ्या. पेंटर शेजारच्या पाटीवरून उतरवतात.

आता बुद्ध्यांकाचं. तुमच्या कामात अडचण आली तर ती बोलण्यातून कमी आणि सही केलेल्या कागदातून जास्त येईल. पालकांना सर्टिफिकेट कशासाठी हवंय ते आधी विचारा. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तींचं ओळखपत्र) हवं असेल तर अर्ज सरकारी पोर्टलवर होतो आणि तपासणी जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळात. तुमच्या अहवालाने तिथे काही होत नाही. दहावी-बारावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, म्हणजे अध्ययन अक्षमतेची शंका असेल, तरी दाखला सरकारी यंत्रणेचाच लागतो. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी पालकांना आधीच दाखवलीत तर त्यांचे पैसे आणि एक सत्र, दोन्ही वाचतात.

करिअरसाठी अभिक्षमता आणि आवडीच्या चाचण्या तुम्ही घेऊ शकता. त्या प्रकाशकाकडूनच विकत घ्या. झेरॉक्स केलेल्या पुस्तिकेत आकृत्या फिक्या येतात, एखाद्या पानाची बाजू कापली जाते आणि गुण चुकतो; शिवाय चोरीचा माल अहवालात नावानिशी लिहिणार कसा? अहवालाचं शीर्षक ‘अभिक्षमता चाचणी अहवाल’ असं ठेवा, ‘प्रमाणपत्र’ नको. चाचणीचं नाव, तारीख, कोणत्या भाषेत घेतली, मानदंड (म्हणजे तुलनेसाठी धरलेले सरासरी गुण) कोणत्या साली आणि कोणत्या मुलांवर ठरवलेत, हे पहिल्या परिच्छेदात असू द्या.

हे शेवटचं आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतं. मालिन यांच्या भारतीय मुलांच्या बुद्धिमापन चाचणीचं उदाहरण घ्या. तिच्या शाब्दिक भागात माहिती, शब्दसंपत्ती, अंकगणित अशा उपचाचण्या आहेत. आईवडील ऊसतोडीला गेले म्हणून दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत शाळाच न मिळालेलं पोर, किंवा तांड्यावर गोरमाटी बोलत वाढलेलं आणि पाचवीत पहिल्यांदा मराठीत उत्तरं द्यायला लागलेलं पोर तिथे हमखास मागे पडतं. त्याच मुलाच्या हातात ठोकळे द्या, चित्रातला गहाळ भाग ओळखायला सांगा, तर ते पुढे निघतं. दोन भागांतली ही दरी न बघता एकच एकत्रित आकडा लिहून दिला, की शाळा त्याला मतिमंद म्हणून मोकळी होते. उलटंही घडतं. मानदंड जितके जुने तितका आजच्या मुलाचा आकडा फुगलेला येतो, कारण पिढीगणिक सरासरी गुण वर सरकत गेले आहेत. म्हणून बुद्धिमापन आणि निदान आरसीआय नोंदणी असलेल्या व्यक्तीकडे पाठवा, आणि पाठवताना मुलाची घरची भाषा, शाळेत न गेलेले महिने, चष्मा आहे का, कानाची तक्रार आहे का, हे चिठ्ठीत लिहा. ही चिठ्ठी चांगली लिहिणारी समुपदेशक त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला हवीच असते.

बोटांचे ठसे घेऊन मेंदू सांगणारी ती डीएमआयटी तुमच्या खोलीत येऊच देऊ नका. तिला शास्त्राचा काही आधार नाही. कमिशन चांगलं असतं, तेवढंच.

क्लासच्या कामाकडे येऊ. 25 जुलै 2025ला सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि त्या कोचिंग क्लासेसनाही लागू आहेत. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा, आणि त्याचं बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण दाखवता आलं पाहिजे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून ठेवायची. गुणांवरून बॅच वेगळ्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं टाळा, असंही त्यात आहे. तुम्हाला बोलावणं का आलं ते यावरून कळेल. एम.ए. आहे, पण ‘किशोरवयीन मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण’ दाखवायला तुमच्याकडे आज काय आहे, हे स्वतःला विचारा. नसेल तर आधी ते, समोरासमोर शिकवणाऱ्या चांगल्या संस्थेतून.

तोंडी बोलीवर जाऊ नका, दोन पानांचा करार करा. त्यात हे असावं. मुलांशी झालेलं बोलणं आणि तुमच्या नोंदी क्लासला मिळणार नाहीत. महिन्याला फक्त किती मुलं येऊन गेली आणि साधारण कोणत्या अडचणी होत्या, एवढंच नावांशिवाय दिलं जाईल. दार लागणारी वेगळी खोली मिळेल, स्टाफरूमचा कोपरा नाही. प्रवेशाचं काम, फी वसुलीचे फोन, गैरहजर मुलांच्या घरी फोन, यातलं काही तुमच्याकडे येणार नाही. लातुरात कित्येक क्लासमध्ये ‘कौन्सिलर’ म्हणजे प्रवेशाच्या टेबलावरचा माणूस असतो, आणि ज्या बाईने फीचा हप्ता मागितला तिच्यापुढे पोरगं मन उघडं करत नाही. एखाद्या मुलाला तातडीने दवाखान्यात न्यायचं झालं तर क्लासचा कोणता माणूस सोबत येईल, गाडी कुणाची, त्याचं नाव आणि फोन करारातच लिहा. दुसऱ्याच महिन्यात संचालक ‘जरा वीक मुलांची यादी द्या’ म्हणतील. हेतू वाईट असेल असं नाही, पण ती यादी सरांच्या मोबाईलवरून बॅचच्या ग्रुपवर जायला एक संध्याकाळ पुरते. करारातलं पहिलं कलम त्या दिवसासाठी आहे.

‘मला जगायचं नाही’ हे ऐकायची वेळ येणारच, तेव्हा पहिल्या भेटीतच मुलाला आणि पालकाला गुप्ततेची मर्यादा सांगून टाका. संमतीपत्रात साध्या शब्दांत: ‘तू सांगितलेलं मी कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा कोर्टाने आदेश दिला, तर मला सांगावं लागेल.’ अठराच्या आतल्या मुलासाठी पालकाची सही घ्या, मुलालाही वाचून दाखवा. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 गुप्ततेचा हक्क देतं आणि जिवाचा धोका हा त्यातला अपवादही तिथेच आहे. लैंगिक अत्याचाराबाबत पोक्सोचं कलम 19 प्रत्येक माणसाला लागू आहे: कळलं किंवा दाट शंका आली तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच, घरच्यांनी ‘गावात बोभाटा नको’ म्हटलं तरी.

प्रत्यक्ष त्या क्षणी आडून विचारू नका. ‘मरायचा विचार येतो का? कसं करायचं हे ठरवलंय का? ते सामान, औषध, दोरी, रूमवर आहे का? याआधी कधी प्रयत्न केला होता का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट दडपण उतरतं. ठरवलंय आणि साधनही हाताशी आहे, असं उत्तर आलं तर त्या मुलाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, रूमवर परत पाठवायचं नाही आणि रूम पार्टनरच्या भरवशावर तर नाहीच. त्याच्यासमोरच पालकांना फोन लावा. ते अहमदपुराहून किंवा किनवटाहून निघाले तरी पोचायला वेळ लागणार. तोवर क्लासच्या त्या नेमलेल्या माणसाबरोबर वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात किंवा अपघात विभागात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. काही प्यायल्याची शंका असेल तर 108, बाकी सगळं नंतर. शेतकरी घरातल्या मुलाला फवारणीचं औषध सहज हाताला लागतं, म्हणून सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलाच्या पालकांना ते कुलपात ठेवायला स्पष्ट शब्दांत सांगा.

पालक ‘पोलीस केस होईल’ म्हणून दवाखाना टाळतात. त्यांना सांगा: 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115प्रमाणे प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं 309 कलम उरलेलंच नाही. दवाखान्यात नोंद होईल, पोलीस विचारपूसही करतील, पण एवढ्यावरून पोराच्या नावावर गुन्हा लागत नाही.

नोंदी त्याच दिवशी, तारीख-वेळेसह लिहा. ‘नैराश्यग्रस्त’ असं निदान लिहिण्यापेक्षा मुलाचं वाक्य अवतरणात लिहा: ‘चार दिवस झोपलो नाही, जेवण जात नाही.’ पुढे तुम्ही काय विचारलं, कुणाला किती वाजता फोन केला, कुठे पाठवलं. वकिलाला अशिलाबद्दल गुप्ततेचं जे संरक्षण पुराव्याच्या कायद्यात आहे ते समुपदेशकाला नाही. समन्स आलं तर वही कोर्टात जाईल, आणि तिथे तुमचा अंदाज टिकणार नाही, त्या मुलाचं वाक्य टिकेल. औषधांबद्दल एक अक्षर नको; ‘गोळी अर्धी कर’ किंवा ‘बंद कर’ हेही मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 106ला सोडून आहे.

यातून क्लिनिकलकडेच जायचं मनात असेल तर वय तुमच्या बाजूने आहे. जुन्या एम.फिल.ला यूजीसीने 2025-26पर्यंतच मुदत दिली होती. आता आरसीआयचा एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बघा. आपल्याला जवळ पडणाऱ्या सिकंदराबादच्या एनआयईपीआयडी या बौद्धिक अपंगत्वावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. अपंग मुलांबरोबर काम करायची ओढ असेल तर पुनर्वास मानसशास्त्राची वाट तिथे विचारा, तीही आरसीआयच्या नोंदणीत येते. फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव, तोच अभ्यासक्रम, तेच शैक्षणिक वर्ष आणि मंजूर जागा, चारही ताडून बघा. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं ऑफिसात सांगितलं तर पैसे भरू नका. मंजूर 20 जागा आणि वर्गात 30 मुलं, असं असेल तर जादा भरलेल्या दहांना नोंदणी मिळत नाही, आणि ते त्यांना पदवी हातात आल्यावर कळतं.